चिंचेत भिजवलेली सतरा नाणी

तुमच्या बागेत सापडलेल्या नाण्याचा फोटो काल आला. खाली तुम्ही दोघांनी विचारलं आहे, "आजी, हाउ डू वी क्लीन इट?" ते वाचलं आणि मी लगेच लिहायला बसले. बाळांनो, ते नाणं धुऊ नका. साबण नको, टूथपेस्ट नको, लिंबू नको, आणि चिंच तर मुळीच नको. ज्या मातीत मिळालं त्या मातीसकट डबीत ठेवा. बागेत नेमकं कुठे होतं, किती खोल होतं, ते आजच्या आज कागदावर लिहा.

आता कारण सांगते. तुमच्या आईने हे तिच्या पद्धतीने तुम्हाला कधीतरी सांगितलं असेल, पण तिच्या सांगण्यात मी फारच वेंधळी दिसते. मी वेंधळी नव्हते. तिथेच तर सगळा घोळ झाला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही दुबईत, करामात राहत होतो. तिसरा मजला, दोन खोल्या आणि एक अरुंद बाल्कनी. समोरच्या इमारतीतली गुजराती शेजारीण तिच्या बाल्कनीतून आमच्या बाल्कनीशी आवाज न चढवता बोलू शकायची. तुमचे आजोबा एका बांधकाम कंपनीत सर्व्हेअर होते. रस्त्यांखालून जाणारी गटारं आणि पाण्याच्या लाइनी, त्यांची मापं घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मी एका शाळेच्या ऑफिसात होते आणि घरसुद्धा ऑफिससारखंच चालवायची. डब्यांवर इंग्रजीत लेबलं, कपाटात कप्प्यांची यादी. तिकडे शुक्रवारी सुट्टी आणि गुरुवारी अर्धा दिवस, म्हणून गुरुवारची दुपार देवांच्या भांड्यांची. पुढे जे घडलं ते गबाळ्या बाईच्या हातून घडलंच नसतं.

आजोबांच्या ऑफिसातला एक इंग्रज साहेब निवृत्त होऊन मायदेशी निघाला आणि त्याने त्याचा मेटल डिटेक्टर विकायला काढला. जमिनीखालचा धातू शोधायचं यंत्र. लांब दांडा, खाली जेवणाच्या ताटलीएवढी चकती आणि कानाला लावायचे हेडफोन.

"पाचशे दिरहम," आजोबा म्हणाले.

"म्हणजे साडेचार हजार रुपये!" मी म्हटलं. "अहो, तेवढ्यात तुमच्या आईंचा मोतीबिंदू निघेल."

"आईचा मोतीबिंदूपण काढू."

दोन्ही झालं. मोतीबिंदू गावी आणि यंत्र आमच्या हॉलमध्ये, शू-रॅकच्या मागे.

त्यानंतर आमचे शुक्रवार ठरून गेले. सकाळी उम्म अल क्वैनच्याही पुढे गाडीने जायचं. तिथे समुद्र आत शिरून उथळ पाणी झालं होतं आणि काठाने खारफुटी होती. आजोबा हेडफोन लावून वाळूवर यंत्र फिरवत चालायचे. मी आणि तुमची आई चटईवर थालीपीठ खात बसायचो. ती तेव्हा दहा वर्षांची. कितीतरी महिने त्यांना कोल्ड्रिंकची बुचं, खिळे, गाडीचे नट आणि एक चमचा याखेरीज काही मिळालं नाही. हा सगळा माल ते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात जमवायचे. तुमच्या आईने डब्यावर 'डॅडीज ट्रेझर' लिहिलं होतं. मी त्याखाली 'जंक' असं लेबल लावलं. ते त्यांनी काढलं नाही, पण हसलेही नाहीत.

मग पाडव्याच्या आधीच्या शुक्रवारी वाळूच्या एका उंचवट्यावर ते थांबले, गुडघे टेकून बसले आणि खुरप्याने भराभरा खणायला लागले. तिथे शिंपल्यांचा थर होता, खापऱ्यांचे तुकडे होते. आम्ही पळत गेलो. त्यांच्या तळहातावर हिरवट काळे, जाड, वेडेवाकडे गोल तुकडे होते.

"वॉशर?" मी विचारलं.

त्यांनी खिशातून नकाशे बघायचं भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, यावर अक्षरं आहेत. आपली. हे बघ, हा काना, ही वेलांटी."

"अहो, ऊन चढलंय. घरी जाऊन बघू," मी म्हटलं.

भिंग त्यांनी माझ्यापुढे धरलं होतं आणि मी डबे आवरायला वळले. त्या क्षणी मी वाकून बघितलं असतं, तर मला तुम्हाला हे लिहावं लागलं नसतं.

घरी आल्यावर त्यांनी ते सगळं वर्तमानपत्रावर मांडलं, मोजलं, डब्यात भरून फ्रिजवर ठेवलं. ग्राफ पेपरवर जागेचा आराखडा काढला आणि खाली लिहिलं, 'सतरा नाणी, एक ढेकूळ.' दुसऱ्या दिवशी त्या भागातल्या एका छोट्या म्युझियमला फोन केला. तिथल्या अधिकाऱ्यांनी पुढच्या शनिवारी सकाळी घेऊन यायला सांगितलं. हिंदुस्थानी अक्षरांचं एकही नाणं आमच्याकडे नाही, खरंच अक्षरं असतील तर काचेच्या कपाटात ठेवू, असंही म्हणाले.

फोन ठेवून आजोबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. ते फार बोलणारे नव्हते.

"मी आजवर जे काही केलं ते जमिनीखाली गेलं," ते म्हणाले. "वरून डांबर. कुणाला काही दिसत नाही. हे एक वर आलंय."

मी पोळ्या लाटत होते. "छान झालं," म्हटलं. पण हे त्यांना किती हवं आहे ते मला त्या आवाजावरून कळलं होतं. म्हणूनच मी मदत करायला गेले.

गुरुवार आला. दुसऱ्या दिवशी पाडवा. गुढीचा तांब्या, समया, ताम्हन, सगळं घासायचं होतं. मी चिंच भिजत घातली, कोळ काढला, मीठ टाकलं. तांब्या घासून लखलखीत झाला आणि माझी नजर फ्रिजवरच्या डब्याकडे गेली. परवा शनिवारी हे म्युझियममध्ये न्यायचं. मोठ्या अधिकाऱ्यासमोर माझा नवरा डबा उघडणार आणि आत हा मळ! कुणाला साधी वाटी परत करायची तरी आपण ती घासून, काहीतरी घालून करतो. माझ्या मनात एवढंच होतं.

मी सतराही नाणी कोळात टाकली. पाणी आधी हिरवं झालं, मग शेवाळासारखं दाट. अर्ध्या तासाने काथ्याने घासायला घेतली. थराखालून गुलाबी तांबं वर यायला लागलं तसा मला आनंद होत गेला. कडा, पोट, पाठ. एकही कोपरा सोडला नाही. पुसून, कोरडी करून, आकाराप्रमाणे ओळीत स्टीलच्या ताटलीत मांडली. खाली पांढरा रुमाल.

आजोबा पाचच्या सुमारास आले. मी ताटली पुढे केली.

"बघा तरी!"

त्यांच्या एका हातात जेवणाचा डबा होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही. एक नाणं उचललं, उलटं केलं. दुसरं उचललं.

"अगं," ते म्हणाले, "अक्षरं कुठे गेली?"

"कसली अक्षरं? मळ होता नुसता."

"मळातच होती ती."

 मी ताटलीत बघितलं आणि पहिल्यांदा मला खरोखर दिसलं. सतरा गुळगुळीत चकत्या. कुठे एखादी रेघ, कुठे खड्डा, बाकी काही नाही. लोखंडी सामानाच्या दुकानात मिळतात तसे वॉशर. शुक्रवारी मी ज्याला वॉशर म्हटलं होतं, त्याचा मी वॉशर करून ठेवला होता.

तुमची आई अभ्यास सोडून आली. ताटलीत डोकावली. "मम्मी, यू इरेझ्ड इट?"

तुमच्या आजोबांनी डबा ठेवला, भिंग काढलं आणि सतराही नाणी दोन्ही बाजूंनी बघितली. एकही गाळलं नाही. मग मोरीत गेले. वाडग्यात हिरवा गाळ होता, त्यात बोट बुडवून पाहिलं.

"खलास," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पाडव्याची सकाळ. बाल्कनीत गुढी उभी राहिली. तिच्यावरचा तांब्या इतका चकाकत होता की मला तिकडे बघवेना. आजोबांनी नमस्कार केला आणि न वळता विचारलं, "ढेकूळ कुठे आहे?"

"कुठलं ढेकूळ?"

"नाण्यांबरोबरचं. आवळ्याएवढं. लिहून ठेवलंय मी."

 आठवलं. सोमवारी मी डबा आवरला होता. त्यात शिंपला चिकटलेला एक काळपट दगड होता. दगड नाण्यांत कशाला, म्हणून मी तो तुळशीच्या कुंडीत टाकला होता. कबुतरं माती उकरायची, म्हणून मी कुंडीत वरून खडे रचत असे. शुक्रवारच्या सहलींतून आणलेले चाळीसएक खडे. सगळे काळपट, सगळ्यांना काही ना काही चिकटलेलं.

आम्ही तिघंही कुंडीवर वाकलो. कुठलाच ओळखू येईना. फोडून बघायची कुणाची छाती नव्हती. मग आजोबा आत गेले आणि शू-रॅकमागून यंत्र घेऊन आले. नवा कुडता, कानाला हेडफोन. चकती बाल्कनीत आणताच ते किंचाळलं. ग्रिलवर किंचाळलं, एसीवर किंचाळलं, गुढीच्या तांब्यावर तर फारच.

समोरून शेजारीण म्हणाली, "भाभी, तुलसी में क्या गाड़ दिया? सोना है तो आधा हमारा!"

"कचरा है," मी म्हटलं.

"कचरे के लिए भाईसाहब ने मशीन निकाली?"

शेवटी कुंडी हॉलमध्ये चटईवर आणली. तुमची आई एकेक खडा चकतीपुढे धरायची आणि म्हणायची, "नो... नो... नो..." मी ते 'नो' मोजत होते. सव्विसाव्यानंतर यंत्र वाजलं. आजोबांनी तो खडा दोन्ही हातांत घेतला आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"पाणी घातलंस?"

"रोज. तुळस आहे ती."

 त्यांनी ढेकूळ रुमालात गुंडाळलं. पुरणपोळी मात्र त्यांनी एकच खाल्ली.

शनिवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि मीही. गुन्हा माझा होता, त्यांना एकट्याने जाऊ देणं मला पटेना. म्युझियम जुन्या किल्ल्यात होतं. अधिकारी साठी ओलांडलेले स्थानिक गृहस्थ, पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा आणि चांगलं हिंदी. तरुणपणी वडिलांबरोबर लाँचमधून मुंबईला जायचे, असं म्हणाले. आजोबांनी ताटलीतली नाणी रुमालासकट टेबलावर ठेवली.

अधिकाऱ्यांनी एक नाणं उचललं. नाकाजवळ नेलं. मग माझ्याकडे बघितलं.

"इमली?"

मी मान हलवली. त्या माणसाला वास आला होता!

"बहन, मेरी माँ कॉफी का दल्ला, वो पीतल की केतली, ऐसे ही धोती थी," ते म्हणाले. "लेकिन ये दल्ला नहीं है."

मग आजोबांकडे वळून विचारलं, कुठून काढलं? आजोबांनी ग्राफ पेपर उलगडला. त्यांच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला. खारफुटीपासूनचं अंतर, दिशा, खोली, सगळं नेटकं लिहिलेलं.

"अच्छा है. और साथ में क्या था? ऊपर राख थी? मटका था? लकड़ी?"

"सीप थे. मटके के टुकड़े थे कुछ."

"वो कहाँ हैं?"

"साइड में फेंक दिए."

"फावड़े से निकाला?"

"खुरपी से."

अधिकाऱ्यांनी ग्राफ पेपर टेबलावर ठेवला. मग शांतपणे म्हणाले, "बहन ने सिर्फ सिक्के धोए. आपने पूरी जगह धो डाली."

मी तुमच्या आजोबांकडे बघितलं. माझ्या मनात एवढंच आलं, की हे माझ्या वाट्याचं त्यांना का? ते उभेच होते, पण खांदे खाली आले होते. नाणी कुणी पुरली, की सांडली, की तिथे घर होतं की होडी, ते आता कळणार नव्हतं. ते त्या शिंपल्यांत आणि खापऱ्यांत लिहिलेलं होतं आणि आम्ही ते बाजूला उडवून दिलं होतं. वर अधिकाऱ्यांनी सांगितलं, परवानगीशिवाय असं खणणं मना आहे. नियमाप्रमाणे त्यांना पोलिसांना कळवावं लागलं असतं.  आमचे पासपोर्ट त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कंपनीच्या तिजोरीत होते. व्हिसा गेला तर? तुमच्या आईची शाळा?

"आप खुद लेके आए," अधिकारी म्हणाले. "इसलिए मैं सिर्फ मना कर रहा हूँ. मशीन गाड़ी में है? यहाँ छोड़ जाइए."

आजोबा गेले आणि डिकीतून यंत्र घेऊन आले. हेडफोनची वायर नीट गुंडाळून त्यांनी ते भिंतीला टेकवून ठेवलं. मग खिशातून रुमाल काढला. "एक ये रह गया है," म्हणाले.

अधिकाऱ्यांनी ढेकूळ हातात घेतलं. वजन केल्यासारखं वर खाली केलं. "इसे धुलने से किसने बचाया?"

"तुलसी ने," मी म्हटलं. मला तेवढंच सुचलं. त्यांना ते कळलं असावं, कारण ते पहिल्यांदा हसले.

परतीच्या वाटेवर शारजा आलं. मग आजोबा म्हणाले, "मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही."

"हो."

"एक दिवस पुरला असता."

उन्हाळा संपत आला तेव्हा फोन आला. बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञाने ते ढेकूळ सोडवलं होतं. आत दोन नाणी तोंडाला तोंड लावून चिकटलेली होती, त्यामुळे आतल्या बाजू शाबूत राहिल्या होत्या. आम्ही गेलो. टेबलावर कापसात दोन तपकिरी नाणी होती, दिव्याखाली मोठं भिंग होतं.

"हमारे यहाँ कोई पढ़ नहीं सकता," अधिकारी म्हणाले. "आप पढ़िए."

आजोबा वाकले. मग बाजूला झाले. "तू वाच," मला म्हणाले.

या वेळी मी वाकले. आधी नुसत्या ओबडधोबड रेघा दिसल्या. मग एका नाण्यावर 'श्री'. खालचं झिजलेलं. दुसऱ्यावर दोन ओळी. वर 'छत्र', खाली 'पति'.

मला मोठ्याने वाचता येईना.  शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात जी शिवराई चित्रात पाहिली होती, ती इथे, अरबस्तानच्या वाळूतून, माझ्या तुळशीच्या कुंडीतून येऊन, माझ्या डोळ्यांपुढे होती. आणि बाकीच्या सतरांवरही बहुधा हेच होतं. ते मी गुरुवारी दुपारी मोरीत ओतून दिलं होतं. तो धक्का पहिल्या धक्क्यापेक्षा मोठा होता, कारण आता मला माहीत होतं मी काय पुसलं ते.

"ये इधर कैसे आया?" आजोबांनी विचारलं.

अधिकाऱ्यांनी हात उघडे केले. "हमारे लोग खजूर ले जाते थे, चावल लाते थे, लकड़ी लाते थे. किसी की थैली में रह गया होगा. जगह बता सकती थी. अब जगह चुप है."

ती दोन नाणी काचेच्या कपाटात लागली. खाली अरबी आणि इंग्रजीत चिठ्ठी: तांबं, हिंदुस्थान, किनाऱ्यावर सापडलेली. कुणाचं नाव नाही. आजोबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि "ठीक आहे," म्हणाले. काच मात्र त्यांनी हाताने पुसली.

पुढच्या वर्षी तुमच्या आईची शाळेची सहल त्याच म्युझियमला गेली. ती घरी आली ती दारातच ओरडत.

"मम्मी! दे हॅव युअर कॉइन्स! द पिंक वन्स! इन अ ट्रे!"

काचेच्या कपाटाच्या शेजारी टेबलावर एक ट्रे होता आणि त्यात माझी सतरा नाणी. मुलांनी हात लावून बघावी म्हणून उघडीच. गाइड प्रत्येक वर्गाला दाखवायचा: जुनी वस्तू घरी घासली तर काय होतं, ते बघा. कुण्या बाईने स्वयंपाकघरात हे केलं.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"आय लाफ्ड. एव्हरीबडी वॉज लाफिंग!"

मी मटकन खुर्चीत बसले. तुमचे आजोबा वर्तमानपत्रामागे होते. कागद थरथरायला लागला. मग ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या गुरुवारनंतर या विषयावर ते तेव्हा पहिल्यांदा हसले.

सन दोन हजार उलटल्यावर आम्ही कायमचे भारतात परतलो. निघायच्या आधीच्या आठवड्यात आजोबा म्हणाले, एकदा जाऊन येऊ. ते अधिकारी तोवर निवृत्त झाले होते. म्युझियम बंद व्हायची वेळ होती, आत आम्ही दोघं आणि एक पहारेकरी. आजोबा कपाटापुढे उभे राहिले. इतकी वर्षं ही नाणी आपल्याला सापडली असं त्यांनी तिथे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. पहारेकरी मागे येऊन थांबला.

"यल्ला, चलिए बाबूजी, बंद करना है."

आजोबांनी काचेवर बोट ठेवलं. मला वाटलं, आता सांगतील. आज तरी सांगतील.

"ये इसने पढ़ा था," ते माझ्याकडे हात करून म्हणाले. "पहली बार."

पहारेकऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग नाण्यांकडे, आणि मान डोलावली. शेजारच्या ट्रेबद्दल आम्ही दोघांनीही त्याला काही सांगितलं नाही.